शेप्याच्या वासाची दारू

नमस्कार श्रोतेहो. बाळंतिणीला जेवणानंतर चघळायला बाळंतशेपा देतात, तो वास आठवतोय? आज त्या वासामागोमाग आपण थेट नॉर्वे-स्वीडन-डेन्मार्कला जाऊ. तिथल्या पारंपरिक दारूचं नाव आक्वाव्हिट. मूळ लॅटिन, अर्थ ‘जीवनाचं पाणी’.

आली ती औषध म्हणूनच. 1531 साली नॉर्वेतल्या बर्गनच्या किल्ल्यावरचा डॅनिश सरदार एस्के बिले याने ती ट्रॉन्डहाइमच्या आर्चबिशपला भेट पाठवली आणि पत्रात लिहिलं, की हे पाणी शरीराच्या आतल्या-बाहेरच्या सगळ्या दुखण्यांवर चालतं. सर्दी झाली की चमचाभर ब्रँडी घेणाऱ्या आपल्या मंडळींना हे लगेच पटेल!

धान्याची किंवा बटाट्याची दारू गाळायची आणि तिला कॅरवेचा, म्हणजे शहाजिऱ्याच्या जातीच्या दाण्यांचा, नाहीतर शेप्याचा स्वाद द्यायचा. वर धणे, बडीशेप, संत्र्याची साल हवी तर घाला. पण युरोपीय महासंघाच्या नियमाप्रमाणे पुढे राहायला हवी ती कॅरवेची किंवा शेप्याचीच चव, आणि अल्कोहोल किमान 37.5 टक्के. कॅरवे आणि शेपा, दोन्हींत कार्व्होन नावाचं एकच सुगंधी द्रव्य असतं. म्हणून तर आपल्याला तो वास घरचा वाटतो.

डेन्मार्क-स्वीडनमध्ये ती बहुधा पाण्यासारखी नितळ, बर्फगार, छोट्या पेल्यात, खारवलेल्या हेरिंग माशाबरोबर. नॉर्वेची मात्र बटाट्याची, लाकडी पिंपात मुरून सोनेरी झालेली. ती गार करायची नाही. मुरलेला वास गारठ्यात मरतो. मला विचाराल तर निम्मी मजा त्या वासातच आहे.

ही मुरवण्याची युक्ती मात्र धंद्यातल्या फजितीतून सापडली. 1805 मध्ये ट्रॉन्डहाइमचं एक जहाज आक्वाव्हिटची पिंपं घेऊन बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला निघालं. तिथे कुणी ती विकत घेईना. 1807 मध्ये पिंपं तशीच परत आली. उघडून बघतात तर काय, चव सुधारलेली! दोन वेळा विषुववृत्त ओलांडताना उकाडा आणि जहाजाचे हेलकावे यांनी दारू पिंपाच्या लाकडात चांगली घुसळून निघाली होती.

‘लिनिए’ या नावाची आक्वाव्हिट आजही शेरी या स्पॅनिश वाइनच्या जुन्या पिंपांत भरून जहाजाने विषुववृत्तापार नेऊन आणतात. तिच्या लेबलाच्या पाठीवर जहाजाचं नाव आणि प्रवासाच्या तारखा छापलेल्या असतात. त्या वाचायच्या बाटलीच्या मागून, आतल्या सोनेरी दारूतून आरपार.