स्रूल ब्लांकचा नातू

लेनिनच्या आईचे वडील शोधायचे, तर ‘अलेक्सांद्र दिमित्रियेविच ब्लांक’ या नावानं दप्तरं चाळून उपयोग नाही. १८२० च्या मागे हे नाव भेटतच नाही. त्या वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये बाप्तिस्मा झाला. त्याआधीचा माणूस होता स्रूल मोइशेविच ब्लांक, एका ज्यू कुटुंबातला मुलगा. रशियन रिवाजात मधलं नाव वडिलांवरून येतं, आपल्यासारखंच. इथं तेही बदललं, म्हणून मोइशे ब्लांकचा मुलगा कागदावर हरवतो आणि १८२४ मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडतो तो अलेक्सांद्र.

दोन्ही नावं एकाच माणसाची, हे उघड करू पाहिलं लेनिनच्या थोरल्या बहिणीनं, आन्नानं. लेनिन गेल्यावर घराण्याचा इतिहास जमवताना हे कागद तिच्या हाती आले. १९३२ मध्ये तिनं थेट स्टालिनला लिहिलं: हे जाहीर करा, ज्यूद्वेषाला उतारा होईल. हुकूम आला, अवाक्षर काढायचं नाही. १९३५ मध्ये ती वारली. ते पत्र मॉस्कोच्या राज्य इतिहास संग्रहालयात लोकांसमोर मांडलं गेलं २०११ साली!

लेनिनच्या थोरल्या भावाच्या बाबतीत घोटाळा होतो तो तारखांचा. झार तिसऱ्या अलेक्झांडरवर बॉम्ब टाकण्याच्या कटात अलेक्सांद्र उल्यानोव्ह फासावर गेला. काही पुस्तकं ८ मे १८८७ म्हणतात, काही २० मे. दोन्ही बरोबर. एकोणिसाव्या शतकात रशियाचं जुनं पंचांग आजच्या पंचांगापेक्षा बारा दिवस मागे होतं. विसाव्यात फरक तेरा दिवसांचा. तारखेपुढे ‘जुनी’ की ‘नवी’ हे टिपून ठेवलं नाही, तर भाऊ फासावर गेला तेव्हा सतरा वर्षांचा व्लादिमीर (म्हणजेच पुढचा लेनिन) शाळेची शेवटची परीक्षा देत होता, हा मेळच बसत नाही.

बातमी कळताच तो म्हणाला, ‘आपण त्या वाटेनं जायचं नाही.’ हे वाक्य फार गाजलं. पण सांगितलं कुणी? धाकट्या बहिणीनं, मारियानं, १९२४ मध्ये. १८८७ मध्ये ती नऊ वर्षांची होती. त्यावर अख्खं चरित्र उभं करणं धाडसाचंच.

त्यापेक्षा सरकारी कागद भरवशाचे. डिसेंबर १८८७ मध्ये निदर्शनांनंतर कझान विद्यापीठानं व्लादिमीरचं नाव काढलं. १८८८ मध्ये परत घेण्याचा अर्ज फेटाळला. शेवटी १८९१ मध्ये त्यानं बाहेरून बसून पीटर्सबर्गची कायद्याची परीक्षा दिली.