आमच्या वाचनालयाचं काय?

श्रोतेहो, नमस्कार.

निवडणुकीचे दिवस आहेत. गल्लीतून कर्णे लावलेल्या रिक्षा फिरतायत, दारात रोज नवं पत्रक येतंय, आणि पाच वर्षं न दिसलेली माणसं हात जोडून उंबऱ्यात उभी राहतायत. अशा दिवसांत मी तुमच्या हाती एक प्रश्न द्यायला आलोय. दारात येईल त्या प्रत्येक उमेदवाराला, पक्ष कुठलाही असो, एवढंच विचारा: आमच्या वाचनालयाचं काय? आणि शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाचं काय? पुन्हा सांगतो. वाचनालयाचं काय, आणि शाळेतल्या कपाटाचं काय?

हे विचारावं का लागतं, ते थोडक्यात सांगतो. महापालिकेच्या कायद्यात कामांचे दोन भाग आहेत. काही कामं बंधनकारक, काही ऐच्छिक. प्राथमिक शाळा बंधनकारक कामांत येते. वाचनालय ऐच्छिक कामांत येतं. नाही काढलं तरी कायदा जाब विचारत नाही. मग जाब विचारायचा कुणी? आपणच. आपण रस्ता मागतो, गटार मागतो, पाणी मागतो, आणि ते मागायलाच हवं. पण वाचनालय कुणी मागतच नाही, म्हणून अंदाजपत्रकात त्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं.

आणि ही गोष्ट कोल्हापूरची आहे हो! ज्या गावात 1850 साली नेटिव्ह लायब्ररी निघाली, आजचं आपलं करवीर नगर वाचन मंदिर. ज्या गावात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. ज्या संस्थानानं 1945 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, मद्रास प्रांताच्या कायद्याच्याही तीन वर्षं आधी. त्या गावात वाचनालय मागायला आपण का लाजायचं?

आता एक गोष्ट सांगतो. जिथं बोलायला जातो तिथं ही सांगतोच.

बरीच वर्षं झाली. अशाच निवडणुकीचे दिवस होते. आमच्या पेठेत तालमीसमोर कोपरा सभा होती. उमेदवार बोलले. बोळात फरशी घालून देतो, चौकात मोठा दिवा लावतो, तालमीला मॅट देतो. टाळ्या पडल्या. मग नेहमीप्रमाणे, कुणाला काही विचारायचंय का, असं म्हणून माइक खाली ठेवायला लागले, तेवढ्यात मागून एक मावशी उठल्या. कपिलतीर्थ मंडईत भाजी विकायच्या. (जाता जाता सांगतो, मंडईत पहाटे उतरलेली मेथी सोडून लोक काचेच्या दुकानातली गारठलेली भाजी का आणतात, मला समजत नाही. मंडई टिकली पाहिजे.)

तर मावशी म्हणाल्या, "मी एक इचारतो. माझ्या नातवाची गोष्ट अर्धी राहिलीया, ती कुठं मिळंल?"

लोक हसले. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी सगळं सांगितलं. मिरच्या, आलं, लसूण बांधून द्यायला त्या रद्दी घ्यायच्या. एकदा त्या रद्दीत मुलांच्या कुठल्याशा पुस्तकाची सुटी पानं आली. नातू चौथीत. संध्याकाळी आजीशेजारी पोत्यावर बसून त्यानं ती मोठ्यानं वाचली. मावशींना अक्षरओळख नव्हती, त्या ऐकत होत्या. चोर वाड्याच्या माडीवर चढतो, दाराला कान लावतो, आणि आतून कुणीतरी कडी काढतं. तिथं पान संपलं! कडी कुणी काढली? पोरानं सगळी रद्दी उपसली. दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, बाळा, कपाटात बघितलं पाहिजे, पण त्याला कुलूप आहे.

श्रोतेहो, त्या कुलपामागं कुणाचा दुष्टपणा नव्हता. पुस्तक हरवलं, फाटलं की ते शिक्षकाच्या नावावर पडतं. भरपाईच्या भीतीनं कपाट बंद राहतं. पुस्तकं नव्या कोऱ्या पानांनी म्हातारी होतात आणि पोरं रद्दी वाचतात.

उमेदवार चांगल्या मनाचे होते. म्हणाले, "मावशी, काळजी करू नका. उद्याच तुमच्या नातवाला पुस्तक घेऊन देतो."

त्यावर मावशी काय म्हणाल्या, ते नीट ऐका. त्या म्हणाल्या, "एक पुस्तक नगं सायेब. ते त्यो दोन दिवसांत वाचून टाकंल. मग तिसऱ्या दिवशी मी कुणाच्या दारात जाऊ? रोज उघडी असंल अशी खोली द्या. माझ्या पोराला बी, आणि हितल्या सगळ्यांच्या पोरांस्नी बी."

सभा गप्प झाली. मग बायकांच्या बाजूनं एक जण बोलली, दुसरी बोलली, आणि मॅट मागणारी तालमीची पोरंही म्हणाली, व्हय, खोली पाहिजे. उमेदवारांनी माइक परत उचलला आणि सगळ्यांसमोर शब्द दिला.

ते निवडून आले. पण शब्द आपोआप खरा झाला नाही. मावशी आणि चार-पाच बायका मंडईतून परतताना, पाट्या तशाच डोक्यावर घेऊन, विभागीय कार्यालयात जायच्या आणि विचारायच्या: खोलीचं काय? शेवटी शाळेतली एक खोली संध्याकाळी उघडायला लागली. कपाटाचं कुलूप निघालं. पुढच्या वर्षी पुस्तकांसाठी थोडे पैसेही आले. एक निवृत्त गुरुजी बिनपगारी बसायचे. पोरं जमिनीवर पालथी पडून वाचायची. ती अर्धी गोष्ट कुठल्या पुस्तकातली, हे आजवर कळलं नाही. नातवाला दुसऱ्या पुष्कळ गोष्टी मिळाल्या.

मग गुरुजी थकले. पगारी माणूस नेमलेला नव्हता. खोली आठवड्यातून दोनदा उघडायला लागली, मग एकदा, मग बंद.

म्हणून मी म्हणतो, नुसती खोली मागू नका. पगारी माणूस मागा. पुस्तकांचे पैसे दरवर्षी मागा, एकदाच नको. खोली, माणूस आणि दरवर्षीचे पैसे. तिन्ही मागा.

पैसे कुठून येणार, असं उमेदवार म्हणतील. कागल ओलांडून निपाणीला जा. कर्नाटकात 1965 च्या कायद्यानं मालमत्ता करावर रुपयामागं सहा पैसे ग्रंथालय उपकर आहे. आपल्या 1967 च्या कायद्यात असा उपकर नाही, आपली वाचनालयं सरकारी अनुदानावर चालतात. पण महापालिकेला स्वतःच्या अंदाजपत्रकात रक्कम धरायला कुणी अडवलेलं नाही.

आणखी एक. वाचनालय मागितलं की हल्ली अभ्यासिका बांधून देतात. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना बसायला जागा हवीच, त्यांचे कष्ट मी बघतो. पण ते घरून आपलीच पुस्तकं आणतात, आणि तिथं टेबल-खुर्ची, पंखा एवढंच असतं. चौथीतल्या पोराला तिथं काय मिळणार? अभ्यासिकेची मागणी वेगळी करा, वाचनालयाची वेगळी.

खेड्यातले श्रोते ऐकत असतील, करवीरचे, पन्हाळ्याचे, शिरोळचे. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी 29 विषय आहेत, त्यात विसावा विषय ग्रंथालयांचा आहे. जिल्हा परिषदेच्या, ग्रामपंचायतीच्या उमेदवाराला हे सांगा. आणि शाळेचं म्हणाल तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट लिहिलंय, प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, वर्तमानपत्रं हवीत, गोष्टीची पुस्तकंसुद्धा हवीत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. तुम्ही त्यात असाल तर पुढच्याच बैठकीत कपाटाच्या चावीचा विषय काढा, आणि फाटलेल्या पुस्तकाची भरपाई शिक्षकाकडून घ्यायची नाही असा ठराव मांडा.

उमेदवार दारात आले की चहा द्या, आणि त्यांच्या पत्रकाच्या मागच्या बाजूला त्यांच्याच हातानं तीन गोष्टी लिहून घ्या: खोली कुठं, माणूस कोण, वर्षाला किती रुपये. खाली सही घ्या. ते पत्रक जपून ठेवा. मार्चमध्ये अंदाजपत्रकाची चर्चा होते, तेव्हा ते घेऊन त्यांच्याकडे जायचंय.

नमस्कार.