पंचवीस पौंडी: तोफ नेमकी कुठल्या सालातली?

[दृश्य: तोफेच्या ढालीवर सँडपेपर फिरतोय. रंगाची पूड उडतेय.]

जुन्या ब्रिटिश तोफेची ढाल घासायला घेतली की एकाखाली एक रंग निघत जातात. सगळ्यात वर चकचकीत गडद हिरवा. तो महायुद्ध संपल्यानंतरचा. त्याखाली मळकट ऑलिव्ह, १९४४ पासूनचा. त्याच्याही खाली चक्क तपकिरी, कारण हिरव्या रंगद्रव्याचा तुटवडा पडला आणि ब्रिटिश सैन्याला मधली काही वर्षं गाड्या-तोफा तपकिरी रंगवाव्या लागल्या. तोफ नशीबवान असेल, तर पार तळाशी सुरुवातीचा खाकी-हिरवा सापडतो.

तोफा जमवणाऱ्याचं खरं काम इथे सुरू होतं. घासायचं कुठे थांबवायचं?

[दृश्य: संपूर्ण तोफ. कॅमेरा तिच्याभोवती फिरतो.]

ही पंचवीस पौंडी. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश तोफखान्याची मुख्य मैदानी तोफ. नळीचा व्यास ८७.६ मिलिमीटर, गोळ्याचं वजन २५ पौंड, म्हणजे साधारण सव्वाअकरा किलो. पल्ला १२ किलोमीटरच्या थोडा वर. तोफेवर माणसं सहा.

पोटाखाली टांगलेली ही लोखंडी गोल चौकट बघा. मोर्चावर पोचलं की ती जमिनीवर उतरवायची आणि तोफ ओढून तिच्यावर चढवायची. मग चाकं कडेवरून फिरतात आणि एकटा गडी मागचा दांडा धरून अख्खी तोफ हव्या त्या दिशेला वळवतो. दीड टनाच्या वरचं धूड आहे हे! ज्यांच्याकडे तोफ आहे पण ही चौकट नाही, अशांचा जीव वर्षानुवर्षं तिच्यात अडकलेला असतो. तोफ, तिचा दारूगोळ्याचा गाडा आणि दोन्ही ओढणारी क्वाड गाडी, असा पूर्ण संच जमवणं तर फारच थोड्यांना साधतं.

[दृश्य: ब्रीचवरचे, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडावरचे ठसे जवळून. बोट अक्षरांवरून फिरतं.]

नळीवर एक साल, तोफगाड्यावर दुसरंच. नवा संग्राहक हे बघून खट्टू होतो. पण नळी झिजायची, ती बदलली जायची. कार्यशाळेत जी तयार असेल ती बसवून तोफ परत मोर्चावर जायची. आकडे जुळत नाहीत याचा अर्थ तोफ राबलेली आहे. उलट सगळे आकडे जुळवण्यासाठी चांगली नळी काढून दुसरी बसवणारे भेटतात, तेव्हा हसावं की रडावं कळत नाही.

असाच घोळ अलामीनच्या लढाईचा. २३ ऑक्टोबर १९४२ च्या रात्री इजिप्तच्या वाळवंटात जवळपास ९०० ब्रिटिश तोफा धडाडल्या. त्यात पंचवीस पौंडी सर्वाधिक. त्यामुळे ज्याला त्याला आपली तोफ अलामीनची करायची असते आणि वाळूचा रंग फासला जातो. पण तोंडाशी हा जाड मझल ब्रेक तसाच! रणगाड्यांवर जबर दारू भरून मारा करताना तोफ उसळायची, ती आवरायला तो नंतर आला. अलामीनच्या तोफांची तोंडं साधीच होती. रंग एका सालचा, तोंड दुसऱ्या सालचं. जाणकार लांबूनच ओळखतो आणि सभ्यपणे गप्प बसतो.

[दृश्य: नळीखालचा भाग. पाना, तेलाचे डाग.]

आता कष्टाचं काम. गोळा सुटला की नळी झटक्यात मागे येते. तो धक्का नळीखालच्या भागातलं तेल झेलतं, आणि दाबलेली हवा नळीला पुन्हा जागेवर ढकलते. पाऊस खात वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या तोफेत तेल गळून गेलेलं असतं, पॅकिंग कडक झालेलं असतं. पण बाहेरून कितीही गंजलेलं दिसलं, तरी आत दाब उरलेला असू शकतो. दाब उतरवल्याची खात्री होईपर्यंत इथल्या एकाही नटाला हात लावायचा नाही. बाकी सगळं चुकलं तर पुन्हा करता येतं.

[दृश्य: पितळी काडतूस, शेजारी तीन कापडी पिशव्या.]

गोळा आणि काडतूस वेगवेगळं भरायचं. आधी गोळा ठासायचा, मागून पितळी काडतूस. काडतुसात दारूच्या तीन पिशव्या: तांबडी, पांढरी, निळी. पल्ला कमी हवा, तर निळी काढून ठेवायची. आणखी कमी, तर पांढरीही. म्हणूनच नेम धरणाऱ्याजवळच्या या शंकूवर प्रत्येक भरणीचे पल्ल्याचे आकडे वेगळे कोरलेत. हा शंकू शाबूत मिळाला, तर कृपा करून पॉलिश मशीनखाली धरू नका. लकाकी येईल आणि आकडे जातील.

ब्रिटनमध्ये अशी तोफ घरी ठेवायची, तर एकतर रीतसर परवाना लागतो, नाहीतर ती कायमची निकामी करून घ्यावी लागते. लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचा, म्हणजे शस्त्रं तपासणाऱ्या अधिकृत संस्थेचा शिक्का आणि दाखला मिळाला, की कायद्याच्या लेखी ते शस्त्र राहत नाही.

[दृश्य: पोर्ट्समथजवळचा फोर्ट नेल्सन, मग दिल्लीतलं संचलन.]

पोर्ट्समथच्या टेकडीवरच्या फोर्ट नेल्सनमध्ये सरकारी संग्रहातल्या तोफा जाऊन बघता येतात. एडिनबरोच्या किल्ल्यावर २००१ पर्यंत दुपारी एकची तोफ म्हणून पंचवीस पौंडीच उडत होती.

आपल्याकडे ती त्याहून जास्त टिकली. स्वातंत्र्यानंतर ती भारतीय तोफखान्यात राहिली, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत लढली. नाशिकजवळच्या देवळालीच्या तोफखाना शाळेत गोलंदाजांच्या पिढ्या तिच्यावर तयार झाल्या. पुढे दिल्लीत प्रजासत्ताकदिनी २१ तोफांची सलामी तिनेच दिली: राष्ट्रगीताच्या सुरुवातीला पहिली, ५२ सेकंदांनी शेवटची. २०२३ साली तिची जागा भारतीय बनावटीच्या १०५ मिलिमीटर तोफेने घेतली.

म्हणजे ब्रिटनमधला हौशी माणूस जे काम जुन्या पुस्तिका धुंडाळून, एकेक सुटा भाग शोधत शिकतो, ते आपल्या जवानांसाठी अगदी परवापर्यंत रोजच्या ड्यूटीचा भाग होतं. त्या हातांना कुणीतरी कॅमेऱ्यासमोर बसवायला हवं, आणि तेही लवकर.