कोहिमाच्या टप्प्यांवर चौथी वेस्ट केंट

(दृश्य : रस्त्याकडून वर चढत गेलेले कबरींचे टप्पे)

कोहिमा वॉर सिमेट्री. डोंगराच्या उतारावर बांध घालून केलेले टप्पे, आणि त्यांवर ओळीने १,४२० कबरी. खालच्या अंगाला उभा आहे तो दुसऱ्या ब्रिटिश डिव्हिजनचा दगड. घरी गेलात की आमच्याविषयी सांगा, तुमच्या उद्यासाठी आम्ही आमचा आज दिला, अशा अर्थाच्या त्यावरच्या ओळी जगभर पोचल्या आहेत. इथे येणारे बहुतेक जण या दगडाजवळ फोटो काढतात आणि तिथूनच परततात.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, जपानी फौजेने कोहिमाला वेढा घातला. ही डिव्हिजन तो वेढा फोडायला बाहेरून आली. वेढ्याच्या आत लढली ती ब्रिटिश पायदळाची पलटण वेगळी होती : क्वीन्स ओन रॉयल वेस्ट केंट रेजिमेंटची चौथी. ब्रिगेड १६१वी भारतीय, डिव्हिजन पाचवी भारतीय. साडेचारशेच्या आसपास माणसं. त्यातली जी इथे पुरली आहेत त्यांच्यापर्यंत पोचायचं तर पाट्या वाचाव्या लागतात.

(दृश्य : एका पाटीचा क्लोजअप, दवाचे थेंब)

पाटी ब्राँझची, ठेंगण्या बैठकीवर तिरकी बसवलेली. भूकंपाच्या पट्ट्यात आणि खचणाऱ्या जमिनीत उंच शिळा कलतात, म्हणून कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन अशा ठिकाणी ही बुटकी बैठक वापरतं. पाटीवर सैनिकी नंबर, हुद्दा, नाव, रेजिमेंट, मृत्यूची तारीख आणि वय. घरच्यांनी एखादी ओळ कळवली असेल तर ती सगळ्यात खाली.

नंबरावरून नजर घाईने पुढे नेऊ नये. त्या काळी ब्रिटिश लष्करात प्रत्येक रेजिमेंटला नंबरांचा स्वतःचा गट नेमून दिलेला होता आणि माणूस पुढे दुसऱ्या रेजिमेंटमध्ये गेला तरी नंबर पहिलाच राहायचा. वेस्ट केंटमध्ये भरती झालेल्यांचे नंबर सात आकडी. याच पलटणीचा लान्स कॉर्पोरल जॉन हार्मन याचा नंबर मात्र सहा आकडी, कारण तो आधी हाउसहोल्ड कॅव्हलरीत भरती झाला होता. एका नंबरातून माणसाच्या नोकरीचा असा माग लागतो.

रेजिमेंटचं नाव पाटीवर असतं, पलटणीचा आकडा बहुधा नसतो. वेस्ट केंटच्या बाबतीत त्याने अडत नाही, कारण कोहिमाच्या वेढ्यात या रेजिमेंटची एकच पलटण होती. मग राहते तारीख. सगळं तिच्यावर.

(दृश्य : नकाशा, दक्षिणेकडून उत्तरेकडे एकेक टेकडी उजळते)

तारीख टेकडीशी जुळवायची. रस्त्याला धरून दक्षिणेकडून उत्तरेकडे टेकड्या अशा : जीपीटी रिज, जेल हिल, डीआयएस, एफएसडी, कुकी पिके (पिके म्हणजे चौकी) आणि शेवटी गॅरिसन हिल. यांतली काही नावं डेपोची आहेत. डीआयएस म्हणजे शिधा वाटपाचं ठिकाण, एफएसडी म्हणजे रसदीचं कोठार. कोहिमा तोवर मागच्या फळीतलं ठाणं होतं. तिथे गोदामं होती, भटारखाना होता, आजारातून उठलेल्यांची छावणी होती.

पलटण ५ एप्रिल १९४४ ला दिमापूरहून ट्रकने वर आली. माणसं उतरत होती तेव्हाच गोळे पडायला लागले. ब्रिगेडच्या बाकीच्या दोन पलटणी आत पोचू शकल्या नाहीत. त्या दोन मैलांवर जोत्सोमाला थांबल्या. समोर जपानची ३१वी डिव्हिजन, १२ ते १५ हजारांची.

वेस्ट केंट आत एकटी नव्हती. आसाम रेजिमेंट, आसाम रायफल्स, राजपूतांची एक कंपनी, पहाडी तोफखान्याचे गोलंदाज, सॅपर्स म्हणजे सुरुंग आणि बांधकामाची कामं करणारे सैनिक, ७५वी फील्ड अँब्युलन्स. वेढ्याला वेळेत तोंड देता आलं त्यात एक वाटा मराठा पलटणीचाही आहे. मणिपूरमध्ये शांगशाकला २२ ते २६ मार्च या काळात मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर जपानी ५८व्या रेजिमेंटला अडवून बसली होती. तीच ५८वी पुढे डीआयएसवर चालून आली. शांगशाकचे ते दिवस मिळाले नसते तर वेस्ट केंटचे ट्रक पोचायच्या आत कोहिमा पडलं असतं, असं आम्ही ठामपणे मानतो.

पहिल्या दोन दिवसांत जीपीटी रिज आणि जेल हिल गेल्या. दहा तारखेच्या सुमारास डीआयएस सोडावी लागली. सतरा-अठराच्या रात्री एफएसडी आणि कुकी पिके गेल्या. उरलं ते गॅरिसन हिल, जेमतेम साडेतीनशे यार्ड लांबीरुंदीचं. तेव्हा पाटीवर ८ किंवा ९ एप्रिल दिसला आणि माणूस डी कंपनीचा निघाला, तर तो डीआयएसवर पडला असं धरायला जागा आहे. मात्र एक खोच लक्षात ठेवावी. जखमी माणूस खंदकात चार-सहा दिवस पडून मग गेला असेल तर पाटीवर तारीख मृत्यूची येते, जखमेची नाही. आणि कबर जिथे आहे तिथेच तो पडला असं तर मुळीच धरू नये. त्याचं कारण पुढे येतं.

(दृश्य : डीआयएसचा उतार, आजची घरं, खाली वाहनांची रांग)

डीआयएसवर विटांच्या भट्ट्या होत्या, पाव भाजण्याच्या. जपानी त्यांत शिरून बसले. जाड विटांवर रायफल आणि ब्रेनगनचा, म्हणजे हलक्या मशीनगनचा, मारा वाया जायचा. शेवटी सॅपर्सनी गनकॉटनचे सुरुंग लावून भट्ट्यांची दारं उडवली. आतून बाहेर पळणाऱ्यांवर वेस्ट केंटने गोळ्या झाडल्या.

हार्मन इथलाच. हातबॉम्बला फ्यूज चार सेकंदांचा. पिन काढून लगेच फेकला तर तो पडून उडेपर्यंत समोरच्याला तो उचलून उलट फेकायला वेळ मिळतो. मशीनगनच्या मोर्च्याजवळ पोचून हार्मनने लिव्हर सोडली, बॉम्ब किमान दोन सेकंद हातातच धरला आणि मग आत टाकला. मोर्चा संपला, मशीनगन घेऊन तो परत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या उतारावर शत्रू खंदक खणताना दिसला. स्वतःच्या ब्रेनगनला मारा चालू ठेवायला सांगून तो संगीन लावून एकटाच धावला, चौघांना गोळीने आणि एकाला संगिनीने मारलं. परत येताना त्याच्या कुशीत मशीनगनच्या गोळ्या शिरल्या. वय २९. व्हिक्टोरिया क्रॉस २२ जून १९४४ च्या राजपत्रात जाहीर झाला. त्याची कबर याच सिमेट्रीत आहे आणि ब्रिस्टल खाडीतल्या लंडी बेटावर, त्याच्या वडिलांच्या बेटावर, एका जुन्या खाणीत त्याचा स्मृतिशिलालेख आहे.

(दृश्य : टेनिस कोर्टच्या पांढऱ्या रेषा)

या सिमेंटच्या रेषा डेप्युटी कमिशनरच्या बंगल्यामागच्या टेनिस कोर्टच्या. कोर्ट ७८ फूट लांब, ३६ फूट रुंद. एका बाजूला खंदक वेस्ट केंटचे, दुसऱ्या बाजूला जपान्यांचे, मध्ये हातबॉम्ब सहज पोचेल एवढं अंतर. वेढ्याच्या मधल्या दिवसांत इथे वेस्ट केंटची ए कंपनी होती.

आतल्या पहाडी तोफा उघड्यावर होत्या. डागल्या की लगेच टिपल्या जात. म्हणून आतल्या तोफखान्याचा मेजर वायरलेसवरून जोत्सोमाच्या ३.७ इंची तोफांना निशाण सांगायचा आणि त्या दोन मैलांवरून कोर्टच्या पलीकडच्या कडेवर मारा करायच्या. गोळा थोडा जरी आखूड पडला असता तर आपल्याच खंदकात पडला असता.

पाण्याच्या टाक्या जीपीटी रिजबरोबरच गेल्या. त्यानंतर माणशी दिवसाला अर्धा लिटर, कधी त्याहून कमी. बंगल्याच्या बाजूला रस्त्याकडे एक बारीक झरा होता, पण तिथे फक्त रात्री जाता येई. १३ एप्रिलला डाकोटा विमानांनी पॅराशूटने रसद टाकली. टेकडी इतकी लहान की बरीच पॅराशूटं पलीकडे वाहून गेली. मॉर्टरचे, म्हणजे उखळी तोफांचे, गोळे जपान्यांच्या हाती पडले आणि हिसकावलेल्या मॉर्टरमधून तेच परत आले. त्याच दिवशी मलमपट्टीच्या ठिकाणी गोळे पडून डॉक्टरही मारले गेले.

(दृश्य : चेरीचं झाड, पानांतून वर जाणारा कॅमेरा)

या झाडाच्या मूळ खोडावर जपानी नेमबाज बसत. खोड लढाईत गेलं, हे त्याच्या फुटव्याचं झाड.

२० एप्रिलला रॉयल बर्कशायरने जागा ताब्यात घेतली आणि वेस्ट केंट खाली उतरली. लढाई पुढे जूनपर्यंत चालली आणि २२ जूनला इम्फाळचा रस्ता खुला झाला.

(दृश्य : नाव नसलेल्या पाट्यांची रांग)

आता कबरींचं. वेढ्यात माणूस पडला की रात्री जवळच्या खड्ड्यात पुरायचे. खड्डा उथळ, कारण कमरेइतकं खणायला वेळच नसे. पुढच्या माऱ्यात तीच जमीन पुन्हा उकरली जाई. लढाई संपल्यावर डोंगरभर विखुरलेले अवशेष गोळा करून या टप्प्यांवर आणले गेले. म्हणून कबरीची जागा आणि मरणाची जागा एक नाही.

ओळख पटवायला गळ्यातल्या दोन चकत्या. एक लाल, गोल. दुसरी हिरवी, अष्टकोनी. दोन्ही दाबून कडक केलेल्या तंतूच्या. लाल काढून नोंदीसाठी पाठवायची, हिरवी प्रेताबरोबर राहू द्यायची. पाऊस आणि ओली माती लागली की चकती फुगते, थर सुटतात, ठोकलेली अक्षरं जातात. लाल आधीच काढलेली, हिरवी कुजलेली, आणि खड्ड्यावर खूण म्हणून रोवलेली काठी गोळ्याने उडालेली, असं तिन्ही एकदम झालं की नाव हरवलं. बिननावाच्या बऱ्याच पाट्यांमागे हेच आहे.

(दृश्य : वरच्या टोकाचं दहन स्मारक)

हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन झालं. त्यांची ९१७ नावं वरच्या दहन स्मारकावर आहेत. तिथपर्यंत चढून जावंच.

वेस्ट केंट रेजिमेंट या नावाने आज लष्करात नाही. १९६१ मध्ये ती शेजारच्या बफ्स रेजिमेंटमध्ये मिसळली, १९६६ मध्ये क्वीन्स रेजिमेंट झाली आणि १९९२ पासून प्रिन्सेस ऑफ वेल्सेस रॉयल रेजिमेंट. रेजिमेंटचा संग्रह केंटमध्ये मेडस्टनच्या संग्रहालयात आहे. म्हणून नाव शोधायचं काम आता ज्याला आस्था त्याचंच.

शोधायचं असं. नाव आणि नंबर घेऊन आधी कमिशनचं रजिस्टर बघावं. त्यात पलटणीचा आकडा मिळतो आणि कबरीचा पत्ताही मिळतो : प्लॉट, ओळ, क्रमांक. कोहिमात नाव नसेल तर ज्यांची कबरच सापडली नाही त्यांच्यात बघावं. ब्रह्मदेश आणि आसामच्या मोहिमेतल्या अशा जवळपास २७,००० जणांची नावं यांगूनबाहेर तौक्यानच्या रंगून मेमोरियलच्या खांबांवर कोरली आहेत, रेजिमेंटवार. तिथेही नसेल तर गुवाहाटीच्या वॉर सिमेट्रीत बघावं, कारण जखमी होऊन मागच्या इस्पितळांत गेलेले तिथे पुरले गेले.