माळ्यावरची पेटी

श्रोतेहो, नमस्कार. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्या खान्देशात गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात, वर डांगर म्हणजे खरबूज, सांजोरी, आंबा ठेवतात. त्याच दिवशी निंबाला झोके बांधून पोरीबाळी गौराईची गाणी म्हणतात. दोन्ही एकाच अंगणात. आज बोलायचं आहे ते अशा घरांशी, जिथं माणूस गेलं आणि त्याची बाजाची पेटी, म्हणजे हार्मोनियम, अजून माळ्यावर गुंडाळून पडली आहे.

ती खाली काढा, पण घाई नको. बंद पडलेल्या पेटीचा भाता एकदम मारला की ती किंचाळते नाहीतर मुकीच राहते. मग वाटतं, माणसाबरोबर सूरही गेला. तसं नसतं हो, आत धूळ असते.

आधी पुढच्या बाजूच्या, हवा सोडणाऱ्या सगळ्या खुंट्या आत ढकलून बंद करा, एकही पट्टी दाबू नका, आणि भाता हलक्या हातानं दोन-तीनदा हलवून हवा भरा. भाता फुगलेला राहिला तर ठीक. लगेच बसला तर घडीच्या कोपऱ्यात चीर आहे, किंवा उंदरानं चामडं कुरतडलंय. ते काम कारागिराचं. खुंट्या बंद असताना जोर मात्र लावू नका, आतल्या चामडी झडपा सुटतात.

मग झाकण काढून मऊ, कोरड्या ब्रशनं धूळ झाडा. तोंडानं फुंकू नका, वाफेनं रीडवर, म्हणजे सूर देणाऱ्या पितळी पात्यांवर, हिरवा गंज धरतो. एखादी पट्टी सोडल्यावरही वाजत राहिली तर तिच्या खालची स्प्रिंग सरकलेली असते किंवा गादीत कचरा अडकलेला असतो. रीड घासायला जाऊ नका. टोकाला घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो, आणि निघालेलं पितळ परत येत नाही. आपल्याकडच्या उन्हात लाकूड तडकतं, म्हणून पेटी उन्हात ठेवायची नाही.

आता बसा. पहिले आठ दिवस गाणं नको, फक्त सा. दहा मिनिटं पुरेत. पेटीला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणं, येत नाही, म्हणून १९४० ते १९७१ तिला आकाशवाणीवर बंदी होती. पण ज्याचा आवाज थरथरतो त्याला तिचा हा न हलणारा सूरच धरायला हवा असतो. मधेच रडू येईल. घसा आवळला की आवाज थांबवा, भाता थांबवू नका. सा वाजू द्या, श्वास खाली उतरला की परत त्यात मिसळा.

सगळ्यात मोठी चूक पट्टीची, म्हणजे सा कुठं धरायचा याची होते. मालक काळी एकमध्ये, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून गायचे, म्हणून बाईही तिथंच सा लावते. खाली आवाज पोचत नाही, वर घसा ताणतो, आणि ती म्हणते, माझा गळाच गेला. ताई, गळा शाबूत आहे. काळी चार किंवा काळी पाच लावून बघा. बऱ्याच बायकांचा सा तिथं निवांत बसतो.

महिनाभरानं भजनी मंडळात जा, पण मागं बसा. आधी नुसते टाळ धरा, मग ध्रुवपदापुरता आवाज मिसळा. कडवं उचलायची घाई नको.

आणि पेटीवर त्यांच्या काळी एकपाशी खडूची खूण असेल, तर ती पुसू नका. आपल्या पट्टीवर दुसरी करा.