केस पेपरवरचा ‘मुळे’

(छत्रपती संभाजीनगर येथे वैद्यकीय नोंदी आणि कोडिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

आज मी ‘मुळे’ या एका शब्दयोगी अव्ययाविषयी बोलणार आहे. औषधांमुळे होणाऱ्या संप्रेरकांच्या विकारांत निदान, उपचार आणि कोड (म्हणजे आजाराची सांकेतिक आकड्यांतली नोंद) हे तिन्ही या शब्दावर अवलंबून असतात, आणि आपल्या केस पेपरवर बहुतेक वेळा नेमका तोच सापडत नाही.

बीड जिल्ह्यातील, दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या पन्नाशीच्या एका मावशींना उलट्या, चक्कर आणि कमालीचा अशक्तपणा म्हणून आमच्याकडे दाखल केले होते. रक्तदाब ८०/५०, सोडियम १२२. सलाईनने त्यांना तरतरी आली आणि तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज कार्डवर ‘गॅस्ट्रो, सोडियम कमी’ एवढे लिहून त्यांना घरी पाठवले गेले. त्या कार्डावर सही माझी होती. दोन महिन्यांनी त्या तशाच अवस्थेत परत आल्या, तेव्हा आमच्या निवासी डॉक्टर मुलीने त्यांचा सुजल्यासारखा गोल चेहरा, कागदासारखी पातळ कातडी आणि दंडावरचे काळेनिळे डाग पाहिले. ‘कुठले औषध चालू आहे का?’ या प्रश्नाला मावशींचे उत्तर पहिल्या वेळेसारखेच होते, ‘नाही वो.’ मग तिने विचारले, ‘गुडघ्यासाठी काही घेता का?’ मावशींनी पिशवीतून वहीच्या कागदाची रिकामी पुडी काढली. ‘ही घेते की. पण हे औषध नाही, पुडी आहे. लई गुण आला हिचा.’ दोन वर्षे ती पुडी रोज चालू होती आणि फडावर संपली की आठ-आठ दिवस बंद राहत होती. सकाळी आठ वाजता घेतलेल्या रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे आजारपणात शरीराला तगवणारे अ‍ॅड्रिनल ग्रंथींचे संप्रेरक, जवळपास नव्हतेच.

पुडीत स्टिरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलसारखे काम करणारे औषध, असावे असा आमचा संशय होता. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिले की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी आपला आदेश थांबवते आणि मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी हळूहळू निकामी होत जातात. शरीराची दिवसाची गरज साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनएवढी असते. त्याहून अधिक मात्रा तीन-चार आठवड्यांपलीकडे गेली की अचानक बंद करणे धोक्याचे ठरते, कारण शरीराला जेव्हा कॉर्टिसॉलची निकड लागते तेव्हा ते तयार करणारे कोणी उरलेले नसते. म्हणूनच एकाच माणसाच्या अंगावर स्टिरॉइड जास्त झाल्याच्या खुणा दिसतात आणि त्याच वेळी त्याचा जीव कॉर्टिसॉलच्या अभावाने धोक्यात येतो.

आता कोडकडे येऊ. तुमच्यापैकी अनेक जण पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांत अमेरिकी रुग्णालयांच्या नोंदींवर काम कराल, म्हणून आयसीडी-१०-सीएम या तिथल्या आजारांच्या कोडयादीच्या भाषेत बोलतो. डॉक्टरने नुसते ‘कुशिंग’ (शरीरात कॉर्टिसॉल किंवा स्टिरॉइड जास्त झाल्याचा विकार) लिहिले तर तुमच्या हाती ई२४.९ येतो, म्हणजे प्रकार न सांगितलेला. ‘औषधामुळे कुशिंग’ लिहिले तर ई२४.२, आणि ‘स्टिरॉइड बंद केल्यामुळे अ‍ॅड्रिनल अपुरेपणा’ असे स्वच्छ लिहिले तर ई२७.३. औषध सांगितल्याप्रमाणे, योग्य मात्रेत घेऊनही त्रास झाला असेल तर आधी विकाराचा कोड आणि मागून टी३८.०एक्स५ए, म्हणजे स्टिरॉइडचा दुष्परिणाम सांगणारा टी-कोड. चुकीचे औषध पोटात गेले असेल तर ती विषबाधा, आणि तिथे क्रम उलटतो, टी-कोड आधी येतो. सांगितल्यापेक्षा कमी घेतले किंवा रुग्णाने आपणहून बंद केले तर टी३८.०एक्स६ए, जो कधीही पहिल्या क्रमांकावर लावता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्ये औषधाच्या दुष्परिणामासाठी हीच माहिती वाय४२.० या वेगळ्या कोडने सांगितली जाते. पाचवरून सहावर किंवा, अपघाती विषबाधा असेल तर, एकवर जाणारा हा एक आकडा म्हणजे रुग्णाने काय केले आणि त्याच्या बाबतीत काय घडले याची साक्ष आहे, असे मी मानतो.

मावशींच्या पुडीचे काय? त्यांना ती कशाची आहे हे ठाऊक नव्हते, देणाऱ्याने सांगितले नव्हते. हा दुष्परिणाम की विषबाधा, हे कोडरने आपल्या मनाने ठरवू नये. कॉर्टिसॉलचा आकडा पाहून निदान लिहिणे हेही त्याचे काम नाही. त्याने डॉक्टरला विचारावे, पण उत्तर तोंडात घालणारा प्रश्न करू नये. ‘हा स्टिरॉइडमुळे झालेला अपुरेपणा आहे ना?’ हा चुकीचा प्रश्न आहे. ‘सोडियम १२२, कॉर्टिसॉल अत्यल्प आणि दोन वर्षे पुडी घेतल्याची नोंद आहे, या स्थितीचे कारण आपल्या मते काय आहे ते कृपया नोंदवावे,’ हा योग्य प्रश्न आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या: ‘संशय’ या शब्दाला दाखल रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर, निदान पक्के असल्यासारखा कोड लागतो, बाह्यरुग्ण विभागात तो लागत नाही.

थायरॉइडच्या बाबतीत हेच सूत्र आहे. हृदयाच्या ठोक्यांसाठी दिल्या जाणाऱ्या अ‍ॅमिओडॅरोनच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असते. तिच्यामुळे थायरॉइड मंदावला तर ई०३.२ हवा, आणि ‘मुळे’ नसेल तर तो ई०३.९ होऊन नुसत्या थायरॉइडच्या गर्दीत हरवतो.

डॉक्टरांना मी सांगतो की औषधाचे नाव, मात्रा, किती दिवस, कोणी दिले आणि कधी बंद झाले हे लिहा. नाव ठाऊक नसेल तर ‘गुडघ्यासाठी पांढरी पुडी, रोज एक, दोन वर्षे’ असेच लिहा. आणि कोडबरोबर औषधाच्या दुष्परिणामाचा अर्ज भरा. भारतीय औषधसुरक्षा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमधून त्याचे समन्वयन होते, आणि नुसता संशय असला तरी अर्ज स्वीकारला जातो. वहीच्या कागदातल्या पुडीची दुसरी कुठेच नोंद होत नाही, म्हणून हा अर्ज मला इतका मोलाचा वाटतो.

मावशींना त्या दिवशी १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून दिले आणि संध्याकाळी त्या उठून बसल्या. या वेळच्या कार्डावर त्या निवासी डॉक्टर मुलीने मराठीत ठळक लिहिले: ‘पुडीतील संशयित स्टिरॉइड अचानक बंद झाल्यामुळे अ‍ॅड्रिनल अपुरेपणा. दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या एकदम बंद करू नयेत. ताप, उलटी किंवा ऑपरेशन असल्यास हे कार्ड आधी दाखवावे.’ ते कार्ड मावशींनी रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवले, आणि पुढच्या हंगामात फडावर जाताना ते पाकीट सोबत नेले.