दुसऱ्याची त्वचा किती दिवस पुरते?

त्वचादानाचा विषय निघाला की हमखास प्रश्न येतो : दात्याचा रक्तगट जुळावा लागतो का? नाही लागत. कारण मृत दात्याची ही त्वचा भाजलेल्या रुग्णाच्या जखमेवर तात्पुरती लावतात, ती कायमची बसवलेलीच नसते. मूत्रपिंड बसवतात ते वर्षानुवर्षं चालावं म्हणून. दात्याची त्वचा मात्र दोन-तीन आठवड्यांत निघणार, हे धरूनच लावायची.

ती का निघते, हे दुसऱ्या महायुद्धात ग्लासगोमध्ये उलगडलं. शल्यविशारद थॉमस गिब्सन आणि प्राणिशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी भाजलेल्या एका स्त्रीच्या जखमेवर तिच्या स्वतःच्या आणि तिच्या भावाच्या त्वचेचे छोटे तुकडे लावले. तिचे स्वतःचे रुजले. भावाचे आधी रुजल्यासारखे दिसले आणि मग झडले. पंधरा दिवसांनी भावाचेच तुकडे पुन्हा लावले, तेव्हा ते पहिल्यापेक्षा लवकर नष्ट झाले. सगळं मर्म या ‘लवकर’मध्ये आहे. शरीरानं परकी त्वचा लक्षात ठेवली होती, म्हणजे हे काम प्रतिकारशक्तीचं. १९४३ साली हे प्रसिद्ध झालं. पुढं १९५४ मध्ये बॉस्टनला शल्यविशारद जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांमध्ये मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण केलं, तेव्हा दोघं खरंच एकरूप जुळे आहेत ना, याची खात्री त्वचेचे तुकडे लावूनच केली होती.

मग प्रतिकारशक्ती दडपणारी औषधं देऊन ही त्वचा टिकवत का नाहीत? परक्याची वर्दी देणाऱ्या पेशी त्वचेत विपुल असतात, तिला टिकवायला औषधंही तशीच जोरदार लागतील. आणि मोठ्या प्रमाणात भाजलेल्या रुग्णाला सगळ्यात मोठी भीती जंतुसंसर्गाची. त्याची उरलीसुरली प्रतिकारशक्ती आपणच काढून घ्यायची, हे परवडणारं नाही.

मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. अशा पेढीचं पथक मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय आणि पाठ इथली त्वचा डर्मॅटोमनं, म्हणजे कातडीचा थर सोलणाऱ्या उपकरणानं काढतं. फक्त वरचा पातळ थर. शरीर विद्रूप होत नाही, रक्त वाहत नाही. एचआयव्ही, कावीळ ब आणि क यांसाठी रक्त तपासतात. त्वचा ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये, ४ ते ८ अंशांवर ठेवली की पाच वर्षांपर्यंत वापरता येते. ग्लिसरॉल पेशींतलं पाणी ओढून घेतं. त्यात पेशी मरतात, पण त्वचेची वीण शाबूत राहते. लावण्याआधी सलाईननं ग्लिसरॉल नीट धुवून काढावंच लागतं, नाहीतर ते जखमेतलंही पाणी ओढतं.

त्वचा चिकटली नाही, तर दोष बहुधा खालच्या जखमेत सापडतो. जळालेलं मृत कातडं पुरतं काढलेलं नसतं, खाली रक्त साचलेलं असतं किंवा हालचालीनं त्वचा सरकलेली असते. नीट चिकटली की जखमेतून झिरपणारं पाणी आणि प्रथिनं थांबतात, ड्रेसिंगच्या वेळच्या वेदना कमी होतात.

आता दिवसांचा हिशेब पाहा. रुग्णाच्याच मांडीवरून पातळ त्वचा घेतली, तर ती जागा साधारण दोन आठवड्यांत भरते आणि तिथूनच पुन्हा घेता येते. तिला जाळीसारख्या चिरा पाडून ताणली की ती तिप्पट जागेवर पसरते. दात्याची त्वचा सुटू लागेपर्यंत मांडीवरचं हे दुसरं पीक तयार असतं. म्हणून पहिली शस्त्रक्रिया ठरवतानाच दुसरीची तारीखही वहीत लिहून ठेवावी.